एक वाणी, असंख्य श्रोते : थेट प्रक्षेपणाच्या खटाटोपाचा इतिहास

प्रभु येशू गालील सरोवराच्या कांठीं लोकांस बोध करीत असतां गर्दी इतकी दाटली कीं, त्याला नावेंत बसून पाण्यावरून बोलावें लागलें, असें संत मार्क सांगतो. या प्रसंगाचा आध्यात्मिक अर्थ आपल्या धर्मगुरूंनीं आपणांस पुष्कळदां उकलून दाखविला आहे. परंतु त्यांत एक साधी व्यवहाराचीही गोष्ट आहे. मनुष्याचा आवाज कांहीं पावलांपलीकडे जात नाहीं. आणि जेथें बोलणारा एक व ऐकणारे पुष्कळ, तेथें शब्द सुचण्यापेक्षां ते पोंचविण्याचीच अडचण मोठी असते. नाव थोडी दूर गेली म्हणजे पुढच्या रांगेंतील लोक बोलणाऱ्यास वेढून टाकीत नाहींत, आणि पाण्याच्या सपाट पृष्ठावरून आवाजही चांगला पसरतो. त्या दिवसाचें ध्वनिवर्धक यंत्र म्हणजे ती नावच होती, असें म्हटलें तर अनुचित होणार नाहीं.

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाचा मिस्साबलि परदेशीं पोटापाण्यासाठीं गेलेल्या मुलाबाळांस व घरीं अंथरुणास खिळलेल्या वृद्धांस पाहतां यावा, म्हणून तो इंटरनेटवरून थेट दाखविण्याचें योजिलें आहे. ही गोष्ट आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यामागें केवढा खटाटोप असतो हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चित्र मध्येंच गोठून पडद्यावर तें वर्तुळ फिरूं लागलें, म्हणजे मात्र सर्वांचा धीर सुटतो. तें वर्तुळ कां फिरतें, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१८६२ सालच्या ८ जून रोजीं, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशीं, पोपमहाराज नववे पायस यांनीं रोमेंत जपानच्या सव्वीस हुतात्म्यांस संतपद दिलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर प्राण अर्पण करणाऱ्या या मंडळींत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. ज्या भूमीचे ते सुपुत्र, त्या भूमीस ही वार्ता टपालाच्या आगबोटीनें यावयाची. कारण युरोप व हिंदुस्थान यांस जोडणारें तारायंत्र १८६५ सालीं सुरू झालें आणि सुएझचा कालवा तर १८६९ सालीं खुला झाला. रोमेंत घंटा वाजल्यावर वसईस आनंद व्हावयाचा तो कित्येक आठवड्यांनीं. उलट, ४ सप्टेंबर २०१६ रोजीं कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांस संतपद मिळालें, तेव्हां विधि चालू असतांनाच तो वसईच्या घराघरांतून पाहतां येत होता. या दोन दिवसांमध्यें १५४ वर्षांचें अंतर आहे, आणि आपली कथा त्या अंतरांतली आहे.

पहिली मोठी पायरी व्हॅटिकनच्या नभोवाणीची. मार्कोनी यांनीं व्हॅटिकन नगरींत उभारलेल्या केंद्राचें उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं झालें. पोपमहाराज अकरावे पायस यांनीं त्या दिवशीं लॅटिन भाषेंत सर्व जगास उद्देशून भाषण केलें, आणि इतिहासांत प्रथमच एका पोपचा आवाज एकाच क्षणीं अनेक खंडांत ऐकूं गेला. केंद्राचे पहिले संचालक फादर जानफ्रांचेस्की हे येशूसंघी धर्मगुरु स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रक्षेपक यंत्राची शक्ति अवघी १० किलोवॅट, म्हणजे विजेच्या दहा शेगड्यांस जेवढी वीज लागते तेवढी. एवढ्याशा बळावर आवाज समुद्रापार कसा गेला? तर आखूड लांबीच्या विद्युत्‌लहरी आकाशांतील विद्युन्मय थरावर आपटून पुन्हां पृथ्वीकडे परततात, आणि अशा उड्या घेत घेत गोल पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूसही पोंचतात. परंतु तो थर दिवसा एक प्रकारचा व रात्रीं दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळें केंद्रास दोन निरनिराळ्या लांबीच्या लहरी ठेवाव्या लागल्या : एक १९.८४ मीटरची व दुसरी ५०.२६ मीटरची. दोन वाटांनीं आलेल्या लहरी एकमेकींस छेदल्या म्हणजे आवाज क्षणांत चढे व क्षणांत बुडे. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजींच सुरू झालें होतें. परंतु दूरच्या लहरी पकडणारें यंत्र घरीं असणें ही तेव्हां श्रीमंतांची गोष्ट होती.

पुढच्याच वर्षीं डब्लिन शहरीं आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली. २६ जून १९३२ रोजीं फिनिक्स पार्क येथें झालेल्या अखेरच्या मिस्साबलीस सुमारें दहा लक्ष लोक जमले होते, आणि पोपमहाराजांचा आवाज रोमेहून बिनतारी मार्गानें त्यांच्यापर्यंत आणण्यांत आला. आयर्लंडचें अॅथलोन येथील बलवान प्रक्षेपण केंद्र याच प्रसंगासाठीं कामास लावलें गेलें. रस्त्यांवरून मैलच्या मैल ध्वनिवर्धक टांगले होते, आणि त्यांच्या योगानें मिरवणुकीच्या एका टोकाचें गीत दुसऱ्या टोकासही म्हणतां येत होतें. आतां अशा मांडणींत एक गंमत असते, ती आपल्या सणाच्या मिरवणुकींतही अनुभवास येते. तारेंतून वीज जवळजवळ तत्काळ धांवते. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटरच जातो. म्हणून जवळच्या कर्ण्यांतून शब्द आतां येतो, व दूरच्या कर्ण्यांतून तोच शब्द सेकंदभरानें पुन्हां येतो, आणि दोहोंची गल्लत होऊन कांहींच समजत नाहीं. सर्वांस ऐकूं जाणें ही एक गोष्ट, व सर्वांस एकाच वेळीं ऐकूं जाणें ही दुसरी. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. तो पुढें पुन्हां भेटेल.

दूरचित्रवाणीच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. १९४८ सालच्या नाताळांत पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरांतील मध्यरात्रीचा मिस्साबलि दूरचित्रवाणीवरून दाखविण्यांत आला. चित्राच्या लहरी आकाशांतून उड्या मारीत नाहींत. त्या सरळ रेषेंत जातात व क्षितिजापाशीं संपतात. ही अडचण कृत्रिम उपग्रहांनीं दूर केली : १९६२ सालीं टेलस्टार व १९६५ सालीं ‘अर्ली बर्ड’. दुसरा विषुववृत्तावर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर एकाच जागीं स्थिर असल्यासारखा राहिला. मात्र १९६४ सालच्या डिसेंबरांत सहावे पॉल हे पोपमहाराज मुंबईच्या युखरिस्तिक काँग्रेससाठीं आले, ओव्हल मैदानावर लोकसागर उसळला, तेव्हां मुंबईंत दूरचित्रवाणी मुळीं नव्हतीच. ती २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली. ज्यांस मैदानावर जातां आलें नाहीं त्यांस नभोवाणी व वृत्तपत्रें यांवरच समाधान मानावें लागलें. आपल्या वडिलधाऱ्यांपैकीं जे त्या दिवसांत मुंबईस गेले होते, त्यांच्या तोंडून ऐकलेलें वर्णनच पुष्कळ घरांत त्या सोहळ्याचें चित्र होऊन राहिलें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आपल्या शेतकरी बांधवांस पेरणीच्या दोन रीती ठाऊक आहेत : बीं मुठीनें फोकणें, आणि एकेक दाणा हातानें टोकणें. इंग्रजींत प्रक्षेपणास जो ‘ब्रॉडकास्ट’ शब्द आहे तो मूळचा फोकणीचाच. नभोवाणी व उपग्रह यांची रीत फोकणीची. ऐकणारा एक असो वा एक कोटि असोत, मूठ एकदांच उघडावयाची. श्रोता वाढला म्हणून प्रक्षेपकावर तिळमात्र अधिक भार पडत नाहीं. इंटरनेट मात्र टोकणीच्या रीतीनें चालतें. पाहणारा प्रत्येक जण आपल्या यंत्राकडून मागणी पाठवितो, आणि प्रत्येकास त्याच चित्राची स्वतंत्र प्रत निराळी धाडावी लागते. शेजारी शेजारी बसलेल्या दोन भावांच्या दोन मोबाईलांस एकच मिस्साबलि दोनदां समुद्र ओलांडून येऊं शकतो. हिशेब करून पाहावा. बऱ्यापैकीं चित्रास सेकंदाला २० लक्ष बिट लागतात असें धरलें आणि मंदिरांतील जोडणीची बाहेर धाडण्याची शक्ति सेकंदाला २ कोटि बिट असली, तर तेथून सरळ दहा घरांसच मिस्साबलि दाखवितां येईल. अकराव्यानें दार ठोठावलें कीं सर्वांचेंच चित्र अडखळेल. आणि पाहणारे एक कोटि असले तर सेकंदाला २० लक्ष कोटि बिट! एवढा ओघ कोणत्याही एका घरांतून, एका तारेवरून वाहूं शकत नाहीं.

ही गोष्ट जाणत्यांस प्रथमपासून दिसत होती. १९९२ सालीं ‘एमबोन’ नांवाची एक व्यवस्था निघाली. तींत इंटरनेटच्या वाटांवरील यंत्रेंच, जेथें रस्ता फुटतो तेथें, एकीच्या दोन प्रती करीत, म्हणजे टोकणीच्या शेतांत फोकणी आणण्याचा तो यत्न होता. १९९३ सालच्या २४ जून रोजीं अमेरिकेंतील कांहीं संगणकशास्त्रज्ञांनीं आपल्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम या वाटेनें धाडला व तो ऑस्ट्रेलियापर्यंत दिसला. कल्पना उत्तम होती. परंतु तिच्यासाठीं वाटेवरील प्रत्येक मालकाच्या यंत्रानें ती पद्धति मानली पाहिजे, आणि या प्रतींचे पैसे कोणीं कोणास द्यावयाचे हें ठरलें पाहिजे. तें सार्वजनिक इंटरनेटवर कधीं जमलें नाहीं. मला वाटतें, जगांतील पुष्कळ चांगल्या योजना यंत्राच्या दोषानें न बुडतां अशाच हिशेबाच्या वहींत बुडतात. असो.

याच सुमारास, १९९५ सालच्या नाताळांत, व्हॅटिकननें इंटरनेटवर पाऊल टाकलें. तेथील तीन संगणकांस राफाएल, मिखाएल व गाब्रिएल या महादूतांचीं नांवें देण्यांत आलीं होतीं. परंतु महादूत झाले तरी तीनच. सर्व जगानें एकदम हांक मारली तर त्यांनीं कोणाकोणास उत्तर द्यावें?

यावर जो तोडगा निघाला तो आपणां ख्रिस्ती लोकांस फारसा अपरिचित वाटूं नये. पांच हजारांस भोजन देतांना प्रभूनें प्रत्येकाच्या हातीं स्वतः घांस दिला नाहीं. लोकांस पन्नास-पन्नास व शंभर-शंभर अशा पंक्तींनीं बसविलें, भाकरी शिष्यांच्या हातीं दिल्या आणि शिष्यांनीं त्या पंक्तींत वाटल्या. चमत्कार प्रभूचा, वाटपाची व्यवस्था मात्र मनुष्यांची. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेंतील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनीं १९९८ सालीं अकामाई नांवाची कंपनी काढली, तिचें तत्त्व असेंच होतें. मूळ संगणकानें सर्वांस उत्तर देऊं नये. गांवोगांवच्या इंटरनेट पुरविणारांकडे आपले दुय्यम संगणक ठेवावे, मूळ स्थानाहून प्रत्येकास एकच प्रत द्यावी, आणि प्रेक्षकानें आपल्या सर्वांत जवळच्या संगणकाकडून ती घ्यावी. लेविन हे ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविलेल्या पहिल्या विमानांत मारले गेले. त्यांचें वय केवळ ३१ होतें. आज जगांतील बहुतेक सर्व मोठीं थेट प्रक्षेपणें त्यांच्या किंवा त्यांच्यासारख्या जाळ्यांवरूनच जातात.

प्रत धाडण्याआधीं ती हलकीही करावी लागते. आजच्या साधारण चांगल्या चित्रांत १९२० बाय १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण लिहून सेकंदास २५ चित्रें धाडावयाचीं म्हटलें तर सेकंदाला सुमारें १२४ कोटि बिट होतात. तें ओझें ४०-५० लक्षांवर आणतात. त्याची युक्ति अशी कीं, दर वेळीं संपूर्ण चित्र न धाडतां मागील चित्राहून जें बदललें तेवढेंच धाडावयाचें. वेदी स्थिर, भिंत स्थिर, मेणबत्त्या स्थिर. तेव्हां धर्मगुरु प्रवचन करीत असतां काम सोपें असतें. परंतु झावळ्यांच्या रविवारीं हजार हातांत हजार झावळ्या हलूं लागल्या, किंवा धूपाचा धूर वेदीवर पसरला, म्हणजे प्रत्येक ठिपका प्रत्येक क्षणीं बदलतो आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसूं लागतात. वर्षांतील सर्वांत देखणे विधि यंत्रास सर्वांत जड जातात, हें कॅमेऱ्यामागें बसणाऱ्या आपल्या तरुणांनीं आधींच ओळखून ठेवावें. अशा वेळीं कॅमेरा इकडून तिकडे फिरवूं नये.

मग येते ती वेळेची अडचण, आणि हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००९ सालीं अॅपल कंपनीनें रूढ केलेल्या पद्धतींत चालू चित्राचे सहा ते दहा सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा निरनिराळ्या गुणवत्तेच्या चार-पांच रूपांत तयार ठेवतात. ज्याची जोडणी बळकट त्यानें स्वच्छ रूप घ्यावें, ज्याची दुबळी त्यानें अंधुक घ्यावें, आणि वाटेंत जोडणी मंदावली तर पुढचा तुकडा हलका घ्यावा. पाहणाऱ्याचें यंत्र दोन-तीन तुकडे आधीं गांठीस बांधून मगच दाखविण्यास आरंभ करतें. कारण सांठा संपला कीं वर्तुळ फिरूं लागतें. या सांठ्याची किंमत म्हणजे उशीर. आपण ज्यास ‘थेट’ म्हणतों तें बहुधा वीस-तीस सेकंदांपूर्वींचें असतें. उशीर कमी करण्याच्या नव्या पद्धति निघाल्या आहेत आणि त्यांनीं तो कांहीं थोड्या सेकंदांवर येतो. परंतु सांठा लहान केला कीं अडखळण्याचा धोका वाढतो.

क्रिकेटच्या शौकिनास याचा त्रास एवढाच कीं, शेजाऱ्याची आरोळी आधीं ऐकूं येते. आपली गोष्ट निराळी आहे. मिस्साबलि म्हणजे बसून पाहण्याचा खेळ नव्हे. त्यांत धर्मगुरु बोलतो व मंडळी उत्तर देते. मंदिराजवळच्या घरांत अंथरुणावर पडलेल्या आजीस परमप्रसादाच्या अभिषेकाची घंटा प्रथम खिडकींतून ऐकूं येते आणि अर्ध्या मिनिटानें तीच घंटा मोबाईलवर वाजते. तिनें मस्तक कोणत्या घंटेस नमवावें? ख्रिस्तसभेनें दूरस्थांच्या सहभागाचा प्रश्न टाळलेला नाहीं. १९३९ सालींच पोपमहाराजांचा ‘नगरास व जगास’ असा आशीर्वाद नभोवाणीवरून भक्तिभावानें घेणारांस पूर्ण दंडक्षमेचा लाभ होतो असें ठरविण्यांत आलें, आणि १९८५ सालीं दूरचित्रवाणीच्या संदर्भांत बिशपांच्या आशीर्वादासही तशी मोकळीक मिळाली. त्याच वेळीं, धडधाकट माणसाचें रविवारचें कर्तव्य पडद्यापुढें बसून पुरें होत नाहीं, हेंही तितकेंच स्पष्ट आहे. आजाऱ्यास तें कर्तव्य मुळांतच माफ असतें, आणि प्रक्षेपण हें त्याचें औषध आहे. माझ्या अल्प मतीप्रमाणें अर्ध्या मिनिटानें भक्ति शिळी होत नाहीं. तरी आजीनें खिडकीची घंटा ऐकावी.

गर्दी अकस्मात् कशी उसळते याचा धडा मात्र क्रिकेटनेंच दिला. १० जुलै २०१९ रोजीं विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत हॉटस्टारवर एकाच क्षणीं २ कोटि ५३ लक्ष प्रेक्षक होते, आणि १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यास ५ कोटि ९० लक्ष. अशा वेळीं नवे संगणक चालू करण्यास मिनिटें लागतात आणि प्रेक्षक सेकंदांत वाढतात. म्हणून ते आधींच सज्ज ठेवावे लागतात. गंमत अशी कीं, धोका प्रेक्षक येतांना जसा, तसाच ते जातांनाही असतो. २०१९ च्या त्या सामन्यांत धोनी बाद झाला आणि प्रेक्षकांचे लोंढे एकदम मागें फिरले. मागें फिरणारा प्रत्येक जण मुखपृष्ठावर येतो, आणि तें मुखपृष्ठ प्रत्येकासाठीं निराळें सजवावें लागतें, म्हणून चित्र दाखविण्याहून तें काम अधिक जड. एवढ्या अनुभवानंतरही मोठमोठे अडखळतात : १५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नेटफ्लिक्सनें टेक्सस येथील टायसन-पॉल मुष्टियुद्ध दाखविलें, तेव्हां एका क्षणीं साडेसहा कोटि जोडण्या झाल्या आणि असंख्य लोकांपुढें तें वर्तुळच फिरत राहिलें.

आपल्या धर्मग्रामांस ही विद्या शिकावी लागली ती २०२० सालीं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. २७ मार्च रोजीं पोपमहाराज फ्रान्सिस पावसांत, रिकाम्या संत पेत्राच्या चौकांत, सान मार्चेल्लो मंदिरांतील प्राचीन क्रुसापुढें एकटे उभे राहिले, आणि सर्व जगानें तें आपापल्या घरांतून पाहिलें. ज्या चौकांत लक्षावधि लोक मावतात तेथें कोणी नव्हतें. जी मंडळी होती ती सर्व तारांच्या पलीकडे होती. इकडे गांवोगांवीं धर्मगुरु मोबाईल पुस्तकांच्या चळतीस टेंकवून मिस्साबलि अर्पूं लागले. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाची परवानगी प्रथम मागितल्यावर चोवीस तासांपर्यंत थांबावें लागतें, ही गोष्ट कित्येकांस रविवारच्या सकाळींच कळली. सर्व देश घरीं बसून इंटरनेटवर आल्यामुळें वाटा इतक्या दाटल्या कीं, मोठ्या कंपन्यांनीं २४ मार्च रोजीं आपण होऊन मोबाईलवरील चित्रांची गुणवत्ता कांहीं काळ उतरविण्याचें ठरविलें. अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसें जमूं नयेत असा नियम होता. कुवेत, दुबई, मस्कत येथें अडकलेल्या मुलांनीं आईबापांस मूठभर माती दिली ती डोळ्यांनींच, हातांत मोबाईल धरून. आणि त्या वेळीं चित्र गोठलें तर तें कोणत्या तांत्रिक कारणानें गोठलें, हें त्यांस सांगण्यांत कांहींच अर्थ नव्हता. म्हणूनच ही व्यवस्था नीट ठेवणें ही नुसती हौस मानूं नये, असें माझें म्हणणें आहे.

महोत्सवाच्या दिवसाविषयीं शेवटीं थोडें व्यवहाराचें सांगतों. मंदिरांतून बाहेर एकच प्रत जावयाची असते. तिच्या लक्षावधि प्रती पुढें मोठ्या जाळ्यांवर होतात. परंतु ती पहिली प्रत आपल्या हातीं आहे, आणि ती तुटली तर पुढें कोणतेंही जाळें उपयोगी नाहीं. त्या दिवशीं अंगणांत शेंकडों मोबाईल एकाच मनोऱ्याशीं बोलत असतील, तेव्हां मोबाईलच्या जोडणीवर विसंबूं नये. केबलची जोडणी मुख्य असावी व दुसऱ्या कंपनीची पर्यायी. आवाज कॅमेऱ्याच्या कानानें घेऊं नये, कारण उंच छताखालीं तो घुमतो. ध्वनिव्यवस्थेच्या फलकावरून सरळ तार आणावी. चित्र अंधुक झालें तरी माणसें सोसतात, शब्द तुटले तर सोसत नाहींत. गायनवृंदाऐवजीं तबकडीवरील गीत लावलें तर यंत्र आपोआप स्वामित्वहक्काचा आक्षेप घेऊन आवाज बंद पाडूं शकतें; आपल्या वृंदानें स्वतः गावें. आदल्या दिवशीं त्याच वेळेस, त्याच कॅमेऱ्यानें, परदेशांतील दोन-तीन घरांशीं पूर्ण तासाची रंगीत तालीम घ्यावी. विजेचा भरंवसा नाहीं, म्हणून इंटरनेटच्या पेटीसह सर्व यंत्रें बॅटरीवर जोडावीं. पुष्कळ ठिकाणीं कॅमेरा चालू राहतो आणि ती लहानशी पेटीच विसरली जाते.